साहेबांच्या पोटात साहेब

११ नोव्हेंबर, मंगळवार

भाऊसाहेब आज चक्क संग्रहालयात. वडिलांकडून संस्थेचं अध्यक्षपद मिळाल्याला नऊ वर्षं झाली. कॉलेजच्या तळमजल्यावर आपलं एक संग्रहालय आहे हे आज कळलं असावं. सोबत नागपूरचे दोन पाहुणे. त्यातल्या एकाला बाथरूमला जायचं होतं, आणि अख्ख्या इमारतीत संग्रहालय सांभाळणाऱ्या कुंदाताईंच्या हद्दीतलं तेवढं स्वच्छ असतं. इतिहासाची गोडी अशी लागते.

अकरावीचा मराठीचा तास आटोपून खाली आलो तर मंडळी कपाट क्र. ४ पुढे. चारमध्ये माझ्या मामाच्या रशियन बाहुल्या. पाच पुढारी, एकाच्या पोटात एक. सगळ्यात बाहेर कपाळावर डाग असलेला, त्याच्या आत जाड भुवयांचा, मग टकला, मग मिशीवाला, आणि शेवटी शेंगदाण्याएवढा दाढीवाला, ज्याने हे सगळं सुरू केलं.

भाऊ पाच मिनिटं हसत होते. "एकाच्या पोटात एक! हे तं घरानंच झालं ना सर!"

म्हटलं, "घराणं नाही साहेब, पक्ष आहे."

"तेच ना जी."

भाऊंना राजकारण कळत नाही म्हणणाऱ्यांनी हे टिपून ठेवावं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

परवापासून मामा डोक्यात. मिलमधला युनियनवाला. कुठल्याशा शिष्टमंडळात नंबर लागला आणि रशिया बघून आला, तिकडचा डोलारा कोसळायच्या बेतात असताना. बाकीच्यांनी कॅमेरे आणले, घड्याळं आणली. याने बाहुल्या. देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ओळीने मांडल्या. सकाळी मामी देव पुसायची, मामा पुढारी.

मी अठरा वर्षांचा, नुकताच चार पुस्तकं वाचलेला. त्याला समजावून सांगितलं की मामा, ही थट्टा आहे, तिकडे फुटपाथवर टुरिस्टांना विकतात, तुझ्या पुढाऱ्यांची टिंगल म्हणून केलंय हे. मोठ्या हुशारीने सांगितलं. मामाने फळीवरून बाहुल्या काढल्या. पाचही एकात एक बसवल्या. नंतर कधी उघडल्या नाहीत.

तो गेल्यावर मामीने पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या. "ने बापा. तुलेच हासू येते त्यायचं."

संग्रहालयाला देऊन टाकल्या. कार्डावर काय लिहू, कुंदाताईंनी विचारलं होतं. मी सांगितलं: लाकडी बाहुल्या, पाच नग. टोमणा नसलेलं माझं एकमेव लेखन.

१६ नोव्हेंबर, रविवार

पेपरात माझं रविवारचं सदर छापून आलं. विषय बाहुल्या. नाव न घेता लिहिण्यात जिल्ह्यात माझा हात कुणी धरणार नाही, म्हणून तर पंचवीस वर्षं टिकलो. 'एका संस्थेत' असं लिहिलं की वर्ध्यातल्या प्रत्येक संस्थेला वाटतं, शेजारच्याबद्दल आहे. आज जरा पुढे गेलो. लिहिलं की आपल्याकडच्या घराण्यांनीही अशा बाहुल्या करून घ्याव्यात. पुढच्याला जागा व्हावी म्हणून प्रत्येक जण आतून पोकळ, रंग तेवढा वरून नवा.

सौ. वाचून म्हणाली, "तुमच्या रिटायरमेंटला अजून पाच वर्षं आहेत ना?"

१९ नोव्हेंबर, बुधवार

भाऊंचा निरोप, चार वाजता केबिनमध्ये या. दुपारचे दोन तास काय शिकवलं आठवत नाही.

गेलो. टेबलावर माझं सदर. लॅमिनेट केलेलं.

"काय लिहिलं राजेहो! आईसाहेबाइले वाचून दाखवलं. अमृत महोत्सवाले आपन हेच करू. दादासाहेब, अण्णासाहेब आन् मी. तीन पिढ्यायची परंपरा. तुमच्या मामाच्या बाहुलीवरून बनवून घेऊ."

"साहेब, मी ते जरा वेगळ्या अर्थाने..."

"समजलं ना मले. पोकळ म्हंजे निःस्वार्थ. सोतासाठी आत काहीच ठेवलं नाई."

मी हो म्हणालो.

कामगिरी कुंदाताईंवर. तिथल्या तिथे बोलावून सांगितलं, "मॅडम, झकास झालं पाह्यजे. महोत्सवाच्या स्टेजवरूनच तुमची कायमची ऑर्डर वाचून दाखवतो." साक्षीदार दोन, मी आणि भिंतीवरच्या तसबिरीतले भाऊंचे आजोबा, दादासाहेब.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कुंदाताई चौदा वर्षं अकरा महिन्यांवर आहेत. अकरा महिन्यांची ऑर्डर, एक दिवस खंड, पुन्हा अकरा महिने. नोकरी सलग दिसू नये म्हणून तो एक दिवस. तारीख दर वेळी मागे सरकते. पहिला खंड उन्हाळ्यात पडला होता, सगळे ऋतू फिरून आता थंडीत आलाय.

आदल्या संध्याकाळी किल्ली ऑफिसात जमा करतात. खंडाच्या दिवशी कामावर नसतात, पण साडेदहाला येतात. बाहेरच्या बाकावर बसतात. ऑफिसातला बाबू दार उघडतो, मग अभ्यागतांच्या वहीत नाव लिहून स्वतःचं संग्रहालय बघतात. मी चहा घेऊन जातो आणि विचारतो, "काय पाहुण्या, कसं वाटलं आमचं संग्रहालय?" दर वेळी हसतात. ठरलेला विनोद आहे.

आज म्हणाल्या, "सर, स्टेजवरून म्हणाले ना ते? तुम्ही ऐकलं ना?"

"ऐकलं."

"मंग झालं. तुमच्यासारखा मानूस ऐकाले होता."

कायम झाल्या तर सावंगीची एक खोली सोडून दोन खोल्यांचं घर घेणार. रोहण्याच्या म्हाताऱ्या आईला आणणार. आईला तसं कळवूनही झालं.

२३ नोव्हेंबर, रविवार

कुंदाताईंसोबत एसटीने रोहण्याला. त्यांच्या गावचा मारोतीबा खराद चालवतो. पलंगाचे पाय, लाटणी, पाळण्याच्या खुंट्या. मामाच्या बाहुल्या कुंदाताईंनी ओढणीत गुंडाळून स्टीलच्या डब्यात घातलेल्या, डबा सगळ्या रस्ताभर मांडीवर.

म्हाताऱ्याने एकेक उघडून ओट्यावर मांडली. शेवटच्या दाढीवाल्याला चिमटीत धरून उन्हात फिरवलं. "हा भरीव हाय. बाकी सारे पोकळ. तुमच्या साहेबायचा शेवटचा कसा पाह्यजे?"

"शेवटी कोण येतो त्यावर आहे," मी.

"कोनीबी येवो. लहान चीज पोकळ केली तं फुटते."

सागवान नको म्हणाला. शिवणीचं लाकूड घेऊ, हलकं असतं, पातळ कोरलं तरी तडकत नाही. "पन पावसाळ्यात फुगून एकमेकात फसून बसतीन. मंग माह्या नावानं बोंबलू नका."

म्हटलं, "ते आत्ताही फसूनच बसलेत मारोतीबा."

म्हातारा हसला नाही. कुंदाताई हसल्या, पण आधी मागे वळून बघितलं. दोन आठवड्यांपूर्वी त्या अशा बघत नव्हत्या.

२ डिसेंबर, मंगळवार

हे नीट लिहून ठेवतो. पुढे मीच बदलून सांगेन.

मधल्या सुट्टीत कुंदाताई स्टाफरूममध्ये. "सर, मारोतीबाले मापं सांगाची हायेत. सगळ्यात मोठी दादासाहेबायची ना? थोरले ते."

हो म्हणायचं होतं, संपलं असतं. पण मला चित्र दिसलं. भाऊंचं पोट उघडलं की आत वडील, वडिलांचं उघडलं की बोराएवढे आजोबा, ज्यांचा पुतळा गेटवर आकाशाला टेकलाय. इतकं सुंदर चित्र की राहवलं नाही.

म्हटलं, "मामाची बाहुली समोर आहे ना. बघा की. आजचा साहेब सगळ्यात मोठा, बाहेर. जुने आत आत."

"पन दादासाहेब येवढुसे? बरं दिसते का ते?"

"तिकडची पद्धतच आहे तशी."

वहीत लिहून घेतलं. तारखेसकट. सगळं तारखेसकट लिहायची सवय आहे त्यांना.

मी खोटं काही सांगितलेलं नाही. पद्धत तशीच आहे.

१९ डिसेंबर, शुक्रवार

बाहुल्या आल्या. ड्रॉइंगच्या सरांनी रंगवल्या. वीतभर भाऊ, त्यांच्या पोटात अण्णासाहेब, त्यांच्या पोटात बोराएवढे दादासाहेब, टोपीसकट. हलवलं की आतले खुळखुळतात.

भाऊ बेहद्द खूश. "एकदम बरोबर केलं मॅडम. फक्त माह्यं पोट जरा कमी होते का पाहा." ड्रॉइंगच्या सरांनी जॅकेट गडद करून पोट कमी केलं.

मी घरी येऊन सौ.ला सांगितलं आणि हसलो. ती म्हणाली, "आणि बाईचं काय?" म्हटलं, बाईचं काय, भाऊंना आवडलंय. म्हणाली, "आईसाहेबांनी बघितल्या?"

२८ डिसेंबर, रविवार

बघितल्या.

बंगल्यावर बोलावलं होतं. भाऊ, मी, कुंदाताई. आईसाहेबांनी चष्मा पुसून घेतला. भाऊंची बाहुली हातात घेतली. "हा तू." उघडली. आत नवरा निघाला तेव्हा नाव घेतलं नाही, नुसता अंगठा फिरवला त्याच्या फेट्यावरून. मग तीही उघडली.



"मामंजी?"

बोराएवढ्या सासऱ्यांना चिमटीत धरून उजेडाकडे नेलं.

"मामंजी तुह्या पोटात? ज्यायच्यासमोर जलमभर माह्या डोक्यावरचा पदर नाई सरकला, ते येवढे? आन् हा पोट्टा वर?"

"आई, ते रशियात..."

"रशियात थोरल्यायले लहान म्हनत असतीन. आपल्यात नाई म्हनत. तुह्याबिगर संस्था झाली असती रे. त्यायच्याबिगर झाली असती का?"

पन्नाशीच्या अध्यक्षांचा चेहरा दहावी नापास झाल्यासारखा. मग तो चेहरा वळला. "मॅडमनं केलं ते, आई. मी म्हटलंच होतं यायले."

कुंदाताईंनी भाऊंकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

माझ्या हातात बिस्किट होतं. मी ते खाल्लं.

३० डिसेंबर, मंगळवार

नवा हुकूम, क्रम उलटा करा. दादासाहेब वीतभर, भाऊ बोराएवढे. कुंदाताई पुन्हा रोहण्याला जाऊन आल्या. एकट्या. रजा टाकून.

जिन्यात गाठलं. म्हटलं, मी भाऊंशी बोलतो, क्रम मीच सांगितला होता म्हणून सांगतो.

"तिथं काऊन नाई बोलले?"

मी बाजूला सरकून जिन्यातल्या पोरांना वाट दिली.

"सर, मी विचाराले आलती तवा तुमाले मालूम होतं ना, असं होईन म्हून?"

"मला वाटलं, जरा गंमत..."

"तुमची गंमत चालते जी. तुम्ही कायम हाय."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हातात फडकं होतं, कठडा पुसत पुसत वर गेल्या.

६ जानेवारी, मंगळवार

भाऊंकडे गेलो. घरून वाक्य पाठ करून: साहेब, बाहुल्यांचा क्रम मी सांगितला, मॅडमची चूक नाही. चौदा वर्षं पोरांना वक्तृत्व स्पर्धेला तयार करतोय, दोन ओळी जमायला हरकत नव्हती.

"या सर! तुमचीच याद करून राह्यलो होतो. स्मरणिकेचे संपादक तुम्ही. नाई म्हनू नका."

चहा आला. स्मरणिकेत कुणाचा लेख कुठे, कुणाचा फोटो कुणाच्या वर, यात पाऊण तास. निघताना म्हटलं, "ते मॅडमचं..." भाऊ म्हणाले, "त्या बाईनं मले आईसमोर खाली पाहाले लावलं." आणि फोन घेतला.

मी दार अलगद लावून बाहेर आलो. आवाज होऊ नये म्हणून.

१८ जानेवारी, रविवार

अमृत महोत्सव. मंडप, हार, पोरं खच्चून. प्रमुख पाहुण्यांच्या हातून बाहुल्यांचं अनावरण. दादासाहेब उघडले, टाळ्या. अण्णासाहेब उघडले, टाळ्या. मग पाहुण्यांनी शेवटची बाहुली चिमटीत धरून माइकसमोर विचारलं, "हे कोण?"

उत्तर द्यायच्या आत चिमटीतून सुटले. भाऊ स्टेजवर पडले, टुणटुण उड्या मारत खुर्च्यांखाली गेले. तीन विश्वस्त वाकले. खजिनदारांची टोपी पडली. भरीव असल्यामुळे फुटले नाहीत, मारोतीबाचं काम. मागे बारावीची पोरं अशी हसली की मंडप हलला. मलाही हसू आलं, जीभ चावून धरली. एवढ्यात कुंदाताई दिसल्या, विंगेत उभ्या. नवीन साडी. त्या हसत नव्हत्या, भाऊंकडे बघत होत्या. भाऊही हसत नव्हते.

खजिनदारांनी भाऊंना उचलून रुमालाने पुसलं.

मग सत्कार, आभार, राष्ट्रगीत. ऑर्डर वाचली गेली नाही.

२१ जानेवारी, बुधवार

कुंदाताईंना कायम करायच्या फाईलवर शेरा आला: तूर्त विचार नाही.

कपाट क्र. ४ मध्ये आता तीन पिढ्या. कार्ड पितळेचं. भाऊ बाहेर काढून ठेवलेले नाहीत. सगळे आजोबांच्या आत बंद. मामाच्या बाहुल्या मागच्या खोलीत, स्टीलच्या डब्यात, डब्यावर चिठ्ठी: लाकडी बाहुल्या, पाच नग.

३१ जानेवारी, शनिवार

सोमवारी खंड. कुंदाताईंनी किल्ली जमा केली. दर वेळी किल्ली देताना बाबू पुढची ऑर्डर हातात ठेवतो. आज म्हणाला, "साहेबायची सही नाई झाली, मॅडम. पाहू म्हणाले."

२ फेब्रुवारी, सोमवार

साडेदहाला बाकावर. चहा घेऊन गेलो. ठरलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं, गिळलं.

चहा घेतला त्यांनी. थोड्या वेळाने मीच म्हटलं, मामाच्या बाहुल्या परत न्यायचा विचार आहे, आता इथे कशाला.

"आज नाई देता येत, सर. आज मी इथं कामाले नाई. उद्या ऑर्डर आली तं रजिस्टरवर सही घेऊन देईन."

"आणि नाही आली तर?"

"मंग बाबूले मागजा. खालच्या खणात हाय. शेवटचा लहाना जपून काढा, सालपट निघून राह्यलं त्याचं."

आईला काय कळवलं ते विचारायला निघालो होतो. विचारलं नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

ऑर्डर नाही. बाई बाकावर.

पहिल्या तासाला वर्गात न जाता स्टाफरूममध्ये बसून अर्ज लिहिला. साधा. प्रति, मा. अध्यक्ष. 'बाहुल्यांचा पहिला क्रम मी सांगितला. आईसाहेबांना तो अपमान वाटेल हे मला ठाऊक होतं. चेष्टा म्हणून सांगितला. कुंदाताईंनी तो माझ्यावर विश्वास ठेवून लिहून घेतला. चूक संपूर्ण माझी आहे, शिक्षा मला व्हावी.' एकही विशेषण नाही. पंचवीस वर्षांत इतकं सरळ वाक्य लिहिलेलं नाही. तीन कागद फाडावे लागले.

आवकच्या टेबलावर दिला. बाबूने शिक्का उचलला, वाचायला लागला आणि खुदकन हसला. शेजारच्याला वाचून दाखवलं. "शिक्षा मला व्हावी! काय लिहिता सर तुम्ही!"

म्हटलं, "अरे, खरं आहे ते."

दोघं आणखी हसले. शिक्का मात्र मारला.

४ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी भाऊंचा फोन. "सर! वाचलं. पोट दुखून आलं हासून हासून. आईचं काय जमवलं तुम्ही त्याच्यात! रविवारच्या सदरात टाका हे."

"साहेब, सदर नाही ते. अर्ज आहे. मी खरंच सांगितलं होतं त्यांना."

"तेच तं मजा हाय ना!"

"मॅडमच्या ऑर्डरचं..."

"पाहू." ठेवला.

साडेदहाला खाली गेलो. बाक रिकामा. दार उघडं, बाबू आत मोबाईलमध्ये. म्हणाला, "आल्या होत्या मॅडम. सगळं पाहून गेल्या. बसस्टँडवर जातो म्हणाल्या." कुठे, ते त्याने विचारलं नव्हतं.

अभ्यागतांची वही उघडी होती. आजच्या तारखेला एकच नाव, त्यांचं, गाव रोहणा. या आधीच्या सगळ्या खंडांना गाव सावंगी लिहिलेलं आहे. मागची पानं उलटून बघितलं. अभिप्रायाच्या रकान्यात त्यांच्या गोल अक्षरात: 'कपाट क्र. ४ ची काच दोन दिवस पुसलेली नाही.'

खरंच नव्हती. आतले दादासाहेब धुरकट दिसत होते.

पेन काढलं. त्यांच्या खाली माझं नाव लिहिलं, गाव वर्धा. अभिप्रायाचा रकाना कोरा ठेवला. बाबू बघत होता, आधीच हसायच्या तयारीत.